पुण्याच्या थंडीला गोधडी पुरेशी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा काही रात्री १० अंशांखाली उतरला, की आमच्या सोसायटीत हीटरखरेदीची चर्चा सुरू होते. परंतु २००० वॅटचा हीटर रोज ३ तास अखंड चालवल्यास महिन्याला १८० युनिट वीज लागते, हा हिशेब खरेदीपूर्वी फारसा कोणी मांडत नाही.

इथली थंडी मुख्यतः रात्रीची आणि पहाटेची. दुपारी ऊन चांगले असते, म्हणून दक्षिणेकडच्या खिडक्यांतून ते आत घ्यावे, कलण्यापूर्वी खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि अंथरूण-पांघरूण तासभर गच्चीत टाकावे. आमच्याकडे सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारींची गोधडी आजही वापरात आहे. तिच्या थरांमध्ये अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि फाटलेल्या जागी एखादे ठिगळ लावले की ती आणखी काही वर्षे सहज टिकते. (नव्या, गुळगुळीत ब्लँकेटात मला तरी तशी झोप लागत नाही.) जुनी लुगडी घेऊन मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या महिला शहरात आहेत, हीटरच्या पैशांतला थोडा भाग त्यांच्याकडे गेला तर बरे.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी हा बेत केवळ भोगीपुरता न ठेवता थंडीभर करता येतो.

मात्र काटकसर म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपू नये, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वासही नसतो.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे