त्या गोळ्या ॲसिडिटीच्या नव्हत्या

बेटा,

परवा रात्री तू फोनवर म्हणाला, बाबा मला काहीच चांगलं नाही वाटून राहिलं, पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसतात, डोक्यात जात नाहीत. आणि मी काय म्हणालो? जेवण टाइमवर कर, मोबाईल कमी पाह्य, होते सगळं ठीक. तू "हो" म्हणून फोन ठेवला. मला मग झोप नाही आली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर?

म्हणून लिहून राहिलो, फोनवर मला हे बोलणं जमणार नाही.

तू आठवीत होता, 2017 ची बोंडअळी आठवते ना? बोंड वरून हिरवंगार अन् फोडलं की आत गुलाबी अळी. आपल्या पाच एकरात वेचणीची मजुरी पण निघाली नाही. त्या साली मी रोज वावरात जायचो अन् धुऱ्यावरच्या बाभळीखाली नुसता बसून राहायचो, बैलांना पाणी दाखवायचं पण सुचत नव्हतं. रात्री तीनला डोळे उघडले की उघडेच. लोकं म्हणायचे कर्जाचं टेन्शन आहे. होतंच ना कर्ज, पण कर्जमाफीच्या यादीत नाव आलं तरी छातीवरचा दगड काही हलला नाही, तेव्हा तुझ्या आईच्या ध्यानात आलं की हे काही वेगळंच आहे.

तेव्हा शेतकऱ्यांच्या मनाच्या त्रासासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प होता, त्यात आशाताई घरोघरी येऊन विचारायच्या, झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटते का. मी नाही नाही म्हणत होतो अन् मागं उभी राहून आई हो हो अशी मान हलवत होती. तिनंच मला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे, हा आजार आहे, गोळ्यांनी फरक पडते पण दोन-चार आठवडे लागतात, अन् बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. सुरुवातीला तर इतकी मळमळ व्हायची की मी फेकूनच देणार होतो. महिन्याभरानं एक दिवस सकाळी मी सहज विचारलं, चहात आज अद्रक टाकलं का? तुझी आई पदर तोंडाला लावून रडली. कित्येक महिन्यांत मी कशाच्याच चवीबद्दल बोललो नव्हतो.

देवघराच्या फळीवर डब्यात ज्या गोळ्या होत्या त्या ह्याच. तू विचारलं होतं कशाच्या, मी म्हणालो ॲसिडिटीच्या. लोकं येडा म्हणतील, ताईच्या सोयरिकीत आडवं येईल, म्हणून लपवलं. लय मोठी चूक केली बेटा. आज तुला वाटत असेल आपल्या घरात मीच एक कच्चा निघालो. नाही रे.

दिवाळीत पोट्ट्यांनी क्रिकेटला आवाज दिला तरी तू खोलीतून निघाला नाही, ते मी पाहिलं होतं. पाहून गप्प राहिलो.

एक सरळ विचारतो, जीव द्यायचा विचार येते का मनात? येत असेल तर मला सांग, रात्री दोन वाजता पण फोन कर, मी रागावणार नाही, रडणार पण नाही. माझ्याशी बोलवत नसेल तर 14416 लाव, टेलिमानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. एमपीएससी पुढच्या साली दे, नाहीतर नको देऊ. खोलीभाडं अन् क्लासच्या फीचा हिशोब मी कधीच मांडला नाही, तू पण नको मांडू.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघतो, नागपूरला गणेशपेठ स्टँडवर उतरीन. तिथल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी आहे, तिथं दोघं जाऊ, चिठ्ठीच्या लायनीत मी उभा राहीन. माझी जुनी फाईल पण आणतो, घरात कोणाला असं होतं का हे डॉक्टर विचारतातच. आत तुला एकट्याला बोलायचं असेल तर मी बाहेर बाकावर बसतो. रूममेटला काय सांगायचं ते तू ठरव.

आईनं जवसाची चटणी कुटून ठेवली आहे. मंगळवारपर्यंत रोज रात्री झोपताना एक मेसेज टाक, नुसतं "बाबा" लिहिलं तरी चालते.

तुझा बाबा