बाबांच्या मंडळीसाठी पुस्तकं आणि सिनेमे

एडिंबरा

प्रिय आई आणि बाबा,
दोघांनाही सलाम.

मुख्य गोष्ट आधीच सांगते, म्हणजे बाकीचं पत्र शांतपणे वाचाल. इथला करार मी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतला आहे. सही झाली. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. घराचं कर्ज एकट्या दादाच्या खांद्यावर राहू नये, हे एक कारण. दुसरं म्हणजे आता मला सुट्टी सलग मिळेल, त्यामुळे नाताळला आले की चांगली महिनाभर राहीन. आणि पुण्यात नोकरी धरली असती तरी नगरला मी फक्त रविवारी उपासनेपुरतीच दिसले असते ना? प्रार्थना करून ठरवलंय, घाईनं नाही. दादालाही विचारलं होतं. आता तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

मला काळजी आहे ती तुमच्या संध्याकाळची. आई म्हणते, दिवे लागले की बाबा बातम्यांपुढे बसतात ते जेवणापर्यंत. ती वादावादी ऐकून बीपी वाढणार नाही तर काय? बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की चर्चच्या मंडळीतल्या शुक्रवारच्या गटाला काय वाचायला, पाहायला सुचवू. तेव्हा मला इतका आनंद झाला! रात्रपाळीत हाच विचार डोक्यात होता. मुखपृष्ठावर क्रूस आहे एवढ्यावरून काही निवडू नका. ज्याची गोष्ट आहे त्या माणसाला विश्वासापायी काय सोडावं लागलं, काय सोसावं लागलं, हे ज्यात खरेपणानं येतं ते आधी घ्या.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांपासून करा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घरात आहेच, पण त्याची पानं सुटली आहेत म्हणून नवी प्रत पाठवली आहे. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या मनानं, त्या ख्रिस्ताकडे आल्या. त्यांनी कोणाच्या धाकानं पाऊल उचललं नाही, आणि आधीच्या माणसांविषयी कडवट शब्दही लिहिला नाही. गटात ज्या घरांतून एकच माणूस मंडळीत आलेला आहे, त्यांना हे पुस्तक फार जवळचं वाटेल. बाबा, मोठ्यानं तुम्हीच वाचा. वीज गेली की कंदिलाजवळ बसून तुम्ही तेच वाचायचात. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचे आणि हसण्याची जागा आली की आईचं पोट हलायचं, त्यावरून मला कळायचं. विजया मेहतांनी त्यावर केलेला चित्रपटही सापडला तर पाहा.

खोक्यात तुमच्यासाठी खास ‘ख्रिस्तपुराण’ आहे, देवनागरीतलं. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले आणि त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. 1616 साली ते राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. भाषा जुनी आहे, सगळ्यांना झेपणार नाही. पण तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत, तुम्ही अर्थ लावून सांगा. एका वेळी पाच-दहा ओव्या पुरेत. गटातल्या तरुण मुलांना वाटतं की आपला धर्म कालपरवा बाहेरून आला. त्यांनी चारशे वर्षांपूर्वीच्या या ओव्या ऐकायलाच हव्यात.

आता सिनेमे. येशूच्या जीवनावरचा ‘दयासागर’ तुमच्या आवडीचा, तो राहू दे. मूळचा 1978 चा तेलुगू. चर्चच्या आवारात पांढरी चादर बांधून दाखवला होता तेव्हा खिळे ठोकताना आई, तू माझे डोळे झाकले होतेस आणि मी तुझ्या बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. पण ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ लावू नका, बाबा. त्यात फटके मारण्याचा प्रसंग संपता संपत नाही. तुमच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला आठवतं एवढंच.

त्याऐवजी ‘चॅरियट्स ऑफ फायर’ पाहा. तो ज्याच्यावर आहे तो धावपटू एरिक लिडेल याच शहरात शिकला. त्याच्या नावाचं सेवाकेंद्र एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. तिथल्या चौकात चारी बाजूंना चर्चच्या इमारती म्हणून लोक त्याला ‘होली कॉर्नर’ म्हणतात. बसमधून जाताना मी दरवेळी तिकडे पाहते आणि मला आपलं संडेस्कूल आठवतं. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो धावला नाही. मग 400 मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं. सिनेमात त्याला हे बोटीवर चढताना कळतं, पण खरं तर काही महिने आधीच माहीत होतं. गटाला हे जरूर सांगा. ऐन वेळच्या नकारापेक्षा महिनोन्‌महिने लोकांचे आग्रह ऐकून घेत ठाम राहणं जास्त अवघड, असं मला वाटतं. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि 1945 मध्ये जपान्यांच्या नजरकैदेतच वारला. तेव्हा तो 43 वर्षांचा होता. सिनेमात हा भाग फक्त शेवटच्या ओळींत येतो, तो तुम्ही तोंडी भरून काढा.

आणि ‘द फेस ऑफ द फेसलेस’, 2023 चा. सिस्टर राणी मारिया या ननवर आहे. त्या कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट, हे कोणी काढलं तर बाबा, तुम्हीच समजावा. मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायला त्या झटत होत्या, म्हणून 1995 मध्ये त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि त्याला भाऊ मानलं. क्षमेवर कितीही उपदेश ऐकले तरी हे ऐकून मी गप्प झाले. आई, रडू येईल, पण तू हा पाहा. धाकट्या काकांशी बोलणं बंद आहे ना, त्यांनाही त्या दिवशी बोलवा. माझं नाव सांगा हवं तर.

‘द चोझन’ ही येशू आणि त्याच्या शिष्यांवरची मालिका मुलांना आवडेल. पेत्राचं कर्ज, मत्तयाचा एकटेपणा, बरंचसं लिहिणाऱ्यांच्या कल्पनेतलं आहे. म्हणून पवित्र शास्त्र शेजारी उघडं ठेवा आणि कुठलं शास्त्रात आहे, कुठलं नाही, ते मुलांनाच शोधू दे. ‘टेन कमांडमेंट्स’ मात्र साडेतीन तासांहून मोठा आहे, तो दोन संध्याकाळी मिळून पाहा.

आता नीट ऐका. बातम्या दिवसातून एकदाच, तेही अर्धा तास. बाबा, पाठीशी ती निळी उशी घ्या आणि तासाभरानं उठून अंगणात फेरी मारा. आई, डोळ्यांत थेंब घातल्यावर लगेच वाचायला बसायचं नाही. गट आला की सगळ्यांना चहा पुरे, भजी तळत बसू नकोस, नाहीतर सगळा सिनेमा तू स्वयंपाकघरातूनच ऐकशील. टीव्हीला नेट जोडायला दादा शनिवारी येतोय, त्याला जेवल्याशिवाय सोडू नका. खोक्यात तळाशी तुझे पायमोजे आणि बाबांचा स्वेटर आहे. ठेवणीत टाकू नका, घाला.

पहिल्या शुक्रवारी कोण कोण आलं आणि काका आले का, ते मला कळवा. त्यावरून पुढचं नाव सुचवते.

तुमची,
छकुली