पिक्चरमधली मुंबई आणि आमची डोंबिवली

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू अर्धा तास बोललास, पण जे विचारायचं होतं ते अगदी शेवटी विचारलंस, की पोरीला मुंबईला पाठवू का नको. अंधेरीला नोकरी लागलीय, पगारही बरा आहे, पण तुझ्या डोक्यात सगळे पिक्चर फिरतायत हे मला बोलण्यावरनं कळत होतं. एकदा म्हणालास रात्री-बेरात्री एकटी कशी येणार-जाणार, किती गुंडगिरी असते तिथं, आणि लगेच पुढं म्हणालास की मजा आहे बाबा तिची, रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसेल. भीतीही पिक्चरनंच दिलेली आणि मजाही पिक्चरनंच. फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल, सवडीनं वाच.

परभणीत बसून आपण जी मुंबई पाहिली ती आठव. हिरो व्हीटीला उतरणार, बाहेर येऊन वर मान करून बिल्डिंगा बघणार, लाल डबल डेकर जाणार की पुढच्या सीनला मरीन ड्राइव्ह. तो मरीन ड्राइव्ह सगळा मिळून साडेतीन किलोमीटरच्या जरा वर आहे आणि आपल्यासाठी तीच मुंबई होती. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर आहे, डोंबिवली ते सीएसएमटी ४८, बदलापूर तर त्याच्याही किती पुढं. हे अंतर पिक्चरमध्ये दिसतच नाही रे. माणूस ऑफिसातून निघतो आणि दुसऱ्या क्षणाला घराचं दार उघडतो, मधला दीड तास एडिटरनं कापलेला असतो. गोष्ट सांगायची म्हणजे कापावंच लागतं, ते मला मान्य आहे, पण इथं राहणाऱ्याचं अर्धं आयुष्य त्या कापलेल्या तुकड्यातच जातं, आणि गावाकडं बसून बघणाऱ्याला वाटतं की ह्या शहरात अंतर म्हणून काही नाहीच.

तो तुकडा कसा असतो सांगतो. सकाळी आमच्या प्लॅटफॉर्मवर ये, गाडी यायच्या आधीच माणसं ठरलेल्या जागी उभी असतात, दार कुठं येणार ते पाठ झालेलं असतं. काहीजण तर उलटं कल्याणला जातात आणि तीच गाडी पकडून बसून येतात, फक्त सीट मिळावी म्हणून. आत शिरलं की बॅग डोक्यावरून हातोहात रॅकवर जाते, कुणाची हे विचारतही नाही कोणी. मग कुठं उतरणार, ठाणे का, चला मग तुमची जागा माझी, असं सगळं ठरतं, आणि तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तो फक्त एका बाजूनं. आमची ही सांगते, संध्याकाळी लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, घरी पोचेपर्यंत मेथी साफ झालेली असते. हे रोजचं आहे, लाखो लोकांचं, आणि ह्यात आपुलकी असते तशी भांडणंही असतात, पण ह्याच्यात गाणं बसत नाही म्हणून की काय, कॅमेरा इकडं फारसा आलाच नाही.

आला नाही असं सरसकट म्हणणं पण बरोबर नाही. बासू चॅटर्जींनी बसस्टॉपवर, बसच्या रांगेत अख्खं प्रेम उभं केलं. त्यांचाच १९७२ चा 'पिया का घर' बघ, तो आपल्या राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई'वरून केलेला आहे. नवीन लग्न झालंय आणि दोघांना बोलायला सुद्धा जागा नाही, चाळीतल्या खोलीत सगळं घर एकत्र झोपतंय. 'का रे दुरावा' आपण रेडिओवर नुसतं गोड गाणं म्हणून ऐकायचो, पण ज्या पिक्चरमध्ये ते आहे त्याचा सगळा पेचच जागेचा आहे हे मला इथं येऊन वन रूम किचनमध्ये संसार केल्यावर जास्त भिडलं. 'घरौंदा' १९७७ चा, अमोल पालेकर आणि झरीना वहाब पै-पै जमवून फ्लॅटला पैसे भरतात आणि बिल्डर बुडवतो. इतकी वर्षं झाली, अजूनही शिळा वाटत नाही तो.

आणि गुंडांचं म्हणशील तर 'सत्या' १९९८ चा, तोच डोक्यात असणार तुझ्या. पिक्चर जबरदस्तच आहे, त्यात वादच नाही. पण नीट आठव, त्यातला भिकू म्हात्रे घरी बायकोशी कसा भांडतो, आणि सत्याच्या समोरच्या खोलीतली विद्या, तिला गाणं म्हणायचंय, काम मिळवायला धडपडतेय. त्या पिक्चरची खरी मुंबई मला त्या दोन घरांत दिसते. गोळीबार आपल्या लक्षात राहिला, कारण तो तसा चित्रित केलाय की लक्षात राहावा, आणि त्याच्यानंतर तसल्या पिक्चरची जी रांग लागली तिनं घरं वगळली आणि नुसत्या गोळ्या ठेवल्या. मग परभणीतल्या बापाला वाटणारच की हे शहर म्हणजे असंच.

ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट फार कमी पिक्चरनी धरली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा, जवळपास अडीच लाख कामगार. पुढं गिरण्या बंद पडल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर आले. मांजरेकरांनी २०१० ला 'लालबाग परळ' केला, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून, तो बघच. आता हिरो-हिरॉइन त्याच परळच्या काचेच्या ऑफिसात कॉफी पिताना दिसतात आणि तिथली कितीतरी कुटुंबं हळूहळू डोंबिवली, कल्याण, विरारला सरकली. आमच्याच बिल्डिंगमध्ये असं एक घर आहे, आजोबा गिरणीत होते, नातू आता लोकलनं परळलाच कामाला जातो. म्हणजे शहरानं माणसं लांब ढकलली आणि पिक्चरनं ते लांबचं दाखवणंच सोडलं, ही माझी खरी तक्रार आहे संज्या. जे पडद्यावर नाही ते लोकांना खरं वाटत नाही, आणि मग एवढ्या गर्दीत रोज लटकून येणाऱ्यांचं कुणाला काही वाटतही नाही.

'डोंबिवली फास्ट'ची सुरुवात म्हणून मला फार प्रिय आहे. २००५ चा, निशिकांत कामतचा. माधव आपटेचा तोच तो दिवस, उठणं, आवरणं, गाडी, ऑफिस, गाडी, परत तेच, इतक्यांदा की बघणाऱ्याचाही जीव घुसमटतो. पुढं तो बॅट घेऊन निघतो ते टाळ्यांचं आहे, पण मला सुरुवातच पुरे. 'लंचबॉक्स'मध्ये इरफानला एक तरुण अंकल म्हणून बसायला जागा देतो आणि त्याला एकदम आपलं वय कळतं, असा प्रसंग इथं रोज प्रवास करणाऱ्यालाच नीट समजतो. आणि २०२४ ला कान फेस्टिव्हलला ग्राँ प्री मिळालेला पायल कपाडियाचा पिक्चर, 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', तो तुम्ही बापलेकीनं सोबत बसून बघा. केरळच्या दोन नर्स आहेत, रूम शेअर करून राहणाऱ्या, आणि छाया कदम हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, एवढी वर्षं राहिली तरी घराचा कागद नाही म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय. पोरगी जिथं येतेय ते शहर हे आहे, समुद्रापेक्षा रूम पार्टनर आणि भाडं ह्यांचं.

म्हणून माझं म्हणणं, पाठव तिला, नक्की पाठव. पण फ्लॅट दिसायला कसा आहे, बाल्कनीतून काय दिसतं ते बघू नका, स्टेशनपासून चालत किती मिनिटं आणि ऑफिसला जायला गाड्या किती बदलाव्या लागतात ते बघा. शक्य झालं तर अंधेरी-जोगेश्वरीकडंच पीजी बघू, भाडं जास्त पडलं तरी चालेल, रोजचे तीन तास वाचतील तिचे. तोवर आमच्याकडं राहू दे. इथून घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरी होतं, ही पहिले काही दिवस तिच्याबरोबर जाईल आणि लेडीज डबा, पास, जिने सगळं दाखवेल. वहिनींना सांग काळजी करू नका.

देवगिरीनं या, मी कल्याणला येतो घ्यायला. तिकिटं आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागतं.

तुझा,
रव्या