कापूसच्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या रात्री मी तुम्हाला फोन केला, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तुमच्याकडे येतात त्या गाई, म्हशी, शेळ्या, आणि मी बोलत होते सशाबद्दल. "सकाळपासून अंग आखडून कोपऱ्यात बसलाय, उन्हानं मलूल झाला असेल," एवढंच मला सांगता आलं. तुम्ही विचारलंत, "शेवटची लेंडी कधी टाकली?"

मला उत्तर देता आलं नाही. पिंजऱ्यात पाहिलं, तर हरभऱ्याएवढ्या लेंड्यांच्या जागी मिऱ्याएवढ्या, वाळक्या चार-दोन. "सकाळची वाट बघू नका, आत्ताच आणा," म्हणालात.

कापूसचे कान गार पडले होते, दात करकर वाजत होते. मला वाटलं, काहीतरी चावतोय. तो दुखण्याचा आवाज आहे, हे तुम्ही सांगितलंत. ताप पाहिला तर ९९. सशाला १०१च्या वर हवा. सोलापूरच्या मे महिन्यात तुम्ही गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवलीत, ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. मग कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन. पोट चाचपून म्हणालात, "कणकेच्या गोळ्यासारखं लागतंय. ढोलासारखं ताठ असतं, तर तोंडानं काही भरवलं नसतं." दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं, त्यात वायू धरतो आणि आणखी दुखतं, हे त्या घाईतही तुम्ही मला समजावलंत. सशाला उलटीही होत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

लेकीच्या खोकल्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन मी पिशवीत घालून आणलं होतं. ते पोटात गेलं असतं तर पचनाला लागणारे चांगले जंतूच मेले असते, असं सांगून तुम्ही बाटली बाजूला ठेवलीत. रागावला नाहीत. आमची कडक भाकरी त्याला कुरकुरीत लागते, म्हणून मी रोज तुकडा देत होते, बिस्किटंही. तेही तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "याला वाळलेलं गवत हवं, दिवसभर. बाकी सगळं चिमूटभर."

रात्रभर दर दोन-तीन तासांनी भिजवलेल्या खाद्याची पेज सिरिंजनं ओठाच्या कडेनं भरवली. पहाटे पाचला पहिली लेंडी पडली. ती तळहातावर घेऊन मी रडले आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही जाग्याच होतात.

आता लेक रोज सकाळी शाळेला जाण्याआधी लेंड्या बघते आणि वहीत लिहून ठेवते. बारीक दिसल्या किंवा एका वेळचं गवत तसंच राहिलं, तर मला हाक मारते.

थंडीत हुरड्याला गावाकडे यायचं हं. कापूसलाही आणते, त्याचं गवत बरोबर घेऊन.

तुमची कृतज्ञ,
कापूसची आई
जुळे सोलापूर