माकडाची घंटा

शिकागो,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

दीड वर्षानं लिहितोय. अण्णा गेल्याचं कळल्यावर तुला दोन ओळी पाठवल्या आणि मग गप्प बसलो. का बसलो ते सांगतो, पण शेवटी. आधी हवं तेवढं ओरडून घे आणि मग पुढे वाच. तब्येत बरी आहे, शुगर ताब्यात आहे, हिचा खांदा आता वर जातो.

तर झालं असं. परवा गुरुवारी, ज्याच्या तळघरात आम्ही दर गुरुवारी पिनबॉल खेळायला जमतो त्या आमच्या म्हाताऱ्यानं आम्हा पाचहीजणांना खुर्च्या मांडून बसवलं. एरवी तिथं कुणी बसत नाही, सगळे यंत्रांपाशी उभे असतात. म्हणाला, मी मुलीकडे अ‍ॅरिझोनाला चाललो, तिथं मला एक खोली आहे, यंत्रं नेता येणार नाहीत. आठ यंत्रं आहेत रे. आठही पिनबॉलची, म्हणजे काचेखालच्या उतरत्या पटावर चेंडू सोडायचा आणि निशाण्यांवर आपटून गुण मिळवायचे. आणि आठही जुन्या जातीची, म्हणजे आत चिप नाही, सर्किट बोर्ड नाही, नुसत्या कॉइल, रिले म्हणजे विजेनं उघडझाप करणारे स्विच, मोटार आणि मैलभर वायर. १९७७ च्या सुमाराला कंपन्या इलेक्ट्रॉनिक्सकडे वळल्या आणि ही जात दोन-तीन वर्षांत संपली. म्हातारा या यंत्रांचा मेकॅनिक होता, दारूच्या गुत्त्यांतून आणि बोलिंगच्या हॉलांतून फिरायचा. अजूनही कान देऊन सांगतो, तिसऱ्या रिलेची पट्टी वाकलीय.

त्याचं म्हणणं, प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक न्यायचं. पैसे नकोत. अट एकच, यंत्र चालू ठेवायचं, त्याच्यावर चादर घालायची नाही, आलेल्या पोरांना खेळू द्यायचं. भांडणं नकोत म्हणून टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर माझा आला. उद्या सांगायचंय, आणि दोन रात्री झोप नाही.

तू म्हणशील यात झोप जाण्यासारखं काय आहे, आवडतं ते उचल. पण नऊ वर्षं दर गुरुवारी ज्यांच्याबरोबर घालवली त्या प्रत्येकाचं यंत्र मला ठाऊक आहे. आमच्यातला सगळ्यांत लहान, टपाल वाटतो तो, आल्या आल्या बॅली कंपनीच्या ‘फायरबॉल’पाशी जातो. १९७२ चं ते. पटाच्या मधोमध एक चकती सतत फिरत असते. चेंडू तिच्यावर आला की कुठं भिरकावला जाईल देवाला ठाऊक. एकदम तीन चेंडू पटावर येतात तेव्हा त्या पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. फक्त ३,८१५ यंत्रं बनली, त्यामुळे बाजारात त्याला मोल आहे. ते मी घेतलं तर तो हसून अभिनंदन करील आणि घरी जाऊन जेवणार नाही.

लायब्ररीवाल्या बाईंचा जीव ‘एल डोराडो’वर. गॉटलीबचं, १९७५ चं. निशाण्यांची लांबलचक रांग, चेंडू लागला की फळी टपकन खाली बसते. या बाई ज्ञानाचा खजिना आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती हे मला त्यांनीच सांगितलं. हा जुगार आहे म्हणून महापौर ला गार्डियांनी यंत्रं जप्त करून हातोड्यानं फोडायला लावली होती. ती बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुणानं नगरसेवकांच्या समोर यंत्र खेळून दाखवलं. चेंडू वरच्या कुठल्या वाटेनं जाईल ते आधी बोलून दाखवलं, दांडा ओढला, आणि चेंडू त्याच वाटेनं गेला. नशिबाचा खेळ असता तर हे जमलं नसतं, हे परिषदेला पटलं. बाई हे सांगतात तेव्हा स्वतः तिथं उभ्या असल्यासारखं सांगतात.

बस चालवायचे त्या काकांचं ‘स्पेस मिशन’, विल्यम्सचं. १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ अंतराळात जोडलं होतं ना, त्याच्यावर बेतलेलं. मधे लंबकासारखं हलणारं निशाण आहे, त्याला गाठणं महाकठीण. आणि ‘सेंटिग्रेड ३७’ आहे, मागच्या काचेवर एक थर्मामीटर, खेळ रंगेल तसा पारा चढतो. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुझी आठवण आली होती. सहामाहीच्या गणिताच्या पेपराला ताप आला म्हणून तू थर्मामीटर चहाच्या कपात बुडवलास आणि माईंना त्रेचाळीस दाखवलास! माई म्हणाल्या होत्या, मेलास की रे, आता शाळेत जायला हरकत नाही.

आता माझं. गॉटलीबचं ‘सेंट्रल पार्क’, १९६६ चं. एकट्यानं खेळायचं. डोकं खाली निमुळतं, म्हणून इथले लोक त्या घाटाला वेजहेड म्हणतात, पाचरीच्या आकाराचं डोकं. नाव न्यूयॉर्कच्या बागेचं, आणि त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच पिनबॉलला बंदी! मागच्या काचेत एक माकड आहे, खरंखुरं हलणारं. शंभर गुण झाले की ते घंटेवर टोला हाणतं. आठांतलं हे सगळ्यांत साधं यंत्र. बाजारभाव ‘फायरबॉल’च्या पासंगाला नाही. काचेवरचा रंग एका कोपऱ्यात पापुद्रे धरतोय. ऊनथंडीनं या काचांचं तसं होतं.

गुरुवारी चिठ्ठ्या झाल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. माकड गप्प होतं. शंभराचं चक्र सरकत होतं, माकड ढिम्म. म्हाताऱ्यानं खुर्चीतूनच सांगितलं, पट उचल. मी काच काढली, पट उभा केला, दांडीवर टेकवला आणि आत डोकं घातलं. सुध्या, आत वास आला. गरम कॉइलचा, वार्निशाचा, जरा तेलाचा, जरा धुळीचा. मग टपालवाल्या पोरानं पन्नास गुणांचा संपर्क, म्हणजे टेकल्या की वीज जोडणारी पट्ट्यांची जोडी, हातानं दाबला. रिले ‘खट्’ झाला, मोटार ‘खर्रर्र’ फिरली आणि चक्र पाच वेळा सरकलं. खट् खट् खट् खट् खट्.

मी अण्णांच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा होतो. रॅकच्या दोन रांगांच्या मधल्या बोळात, तू माझ्या पुढे, आणि अण्णा हात मागे बांधून म्हणतायत, कशालाही शिवायचं नाही, कान उघडे ठेवा. कुणीतरी गावात डायलवर पाच फिरवला की पाच ठोके यायचे, सिलेक्टर पाच पायऱ्या वर चढायचा आणि मग आडवा फिरून मोकळी लाइन शोधायचा. आठवतं? तू विचारलं होतंस, त्याला कसं कळतं लाइन मोकळी आहे ते? अण्णा म्हणाले होते, कळत नाही, चाचपतो, आंधळा भिंत चाचपतो तसा. पिनबॉलच्या पोटात हेच आहे. नऊवरनं शून्यावर येताना चक्र एक संपर्क मिटवतं आणि शेजारच्याला ढकलतं, हातचा एक. पन्नास गुण म्हणजे मोटारीचे पाच ठोके, बस.

मी खाली बसलो. बाईंनी पाणी आणलं. त्यांना वाटलं म्हातारा जाणार म्हणून मला वाईट वाटलं, आणि ते होतंच, पण यातलं दुसरं मी त्यांना काय सांगणार? हे कळणारा माणूस जगात तू एकटा उरलास.

मग माकडाचं बघितलं. शंभराच्या रिलेची एक पट्टी काळी पडली होती. कानस मारायची नसते, चांदीचा टिकला झिजतो. पातळ पट्टी मधे धरून हळूच ओढायची, एकदा, दोनदा, आणि ऐकायचं. सतारमेकर गल्लीत घोडीवर जवारी काढतात तसं, जरा घासायचं, तार छेडायची, पुन्हा जरा. तिसऱ्या वेळी माकडानं घंटा वाजवली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. म्हाताऱ्यानं नाही वाजवली टाळी. तो माझ्याकडे बघत होता.

अजून एक सांगतो, अण्णा असते तर हे त्यांना आधी लिहिलं असतं. स्ट्रोजरची गोष्ट ते सांगायचे ना, अंत्यविधीचं सामान विकणारा माणूस, टेलिफोन ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याला जोडून देते असा त्याला संशय, म्हणून त्यानं बाईच नको असं यंत्र शोधलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. त्याचं यंत्र बनवणारी ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक कंपनी शिकागोची. पिनबॉलवालेही सगळे शिकागोचेच, गॉटलीब, बॅली, विल्यम्स. आणि ऐक, ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक १९५७ मध्ये शहराबाहेर नॉर्थलेकला गेली, सत्तरच्या दशकात गॉटलीबही त्याच नॉर्थलेकला गेलं. एकाच उपनगरात दोन्हींचे कारखाने! मी अडतीस वर्षं त्या रस्त्यानं कामावर गेलो आणि मला ठाऊक नव्हतं. अण्णांना कळवायचं राहिलं.

तर ‘सेंट्रल पार्क’ घ्यायचं हे नक्की आहे, मग झोप का येत नाही? कारण हे यंत्र शंभर किलोच्या वर आहे. ते या घरात आलं की मी या घरातून हलत नाही. आणि १९८५ मध्ये मिरजेच्या फलाटावर मी तुला काय म्हणालो होतो ते तू विसरलेला नाहीस. साठीला परत येतो. सदुसष्ट संपलं. मागच्या वेळी फोनवर तू म्हणालास, ‘आता येऊन काय करणार आहेस?’ अण्णांच्या दहाव्यानंतरचा फोन होता, तू थकला होतास, हे मला समजतं. पण ते वाक्य मला लागलं, आणि म्हणून मी दीड वर्ष गप्प बसलो. हे झालं कारण. चूक माझी, मी त्याच वेळी बोलायला हवं होतं.

सुनीचं लग्न ठरल्याचं वहिनींच्या भावाकडून कळलं. फार आनंद झाला, मुलगा कोण, कुठला, सविस्तर लिही. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? गच्चीवरच्या टाकीचं भांडण मिटलं असेल अशी आशा.

आता कामाचं. मी आज दुपारभर एका गोष्टीचा विचार करतोय आणि तूच उत्तर देऊ शकतोस. हे यंत्र जहाजानं आणायचं म्हटलं तर? व्होल्टेजची अडचण नाही, २३० चे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर लावू. पण इथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. मोटार इथल्यापेक्षा हळू फिरेल, पाच ठोके जरा लांबतील. रिले धरून राहतील का तेवढा वेळ? की मोटारच बदलावी लागेल? तू एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलीस, तू सांग. दुसरं, पावसाळ्यात संपर्कांवर काजळी किती चढेल? एक्स्चेंजला अण्णा काय करायचे?

आणि पुढच्या खोलीचं माप घे. पेटीची रुंदी साधारण बावीस इंच, पाय निघतात, प्रत्येकाला दोन बोल्ट. डोकं वेगळं होतं. जिन्याचा प्रश्न नाही, पण अंगणातल्या दारातून वळण घेता येईल का ते बघ. जागा मी मनात धरलीय ती बॅगाटेलची, आपल्या त्या गोळ्या खेळायच्या पाटाची, खिडकीखालची.

बॅगाटेलवरून आठवलं. तो पाट मी कधीच उचलला नव्हता. १९६९ पासून तू म्हणतोयस की मी उजव्या कोपऱ्याखाली वही सरकवायचो म्हणून गोळी माझ्या घरात पडायची. अरे, तुमच्या पुढच्या खोलीची शहाबादी फरशीच खिडकीकडे उतरती आहे! अण्णांनी पाणी जायला तसा ढाळ दिला होता. या यंत्रांना साडेतीन अंशांचा उतार द्यावा लागतो, आणि आत एक लंबक टांगलेला असतो, कुणी पेटी हलवली की तो कडीला टेकतो आणि खेळ बंद. ‘टिल्ट’. तसा लंबक त्या पाटात असता तर तू रोज बाद झाला असतास, कारण गुडघ्यानं पाट कोण ढकलायचं ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

उद्या मी म्हाताऱ्याला माकडाचं नाव सांगणार. कुठं ठेवणार असं तो विचारील. त्याला सांगेन, एका माणसाच्या उत्तराची वाट बघतोय. वहिनींना विचार, खोली त्यांची आहे. त्या नको म्हणाल्या तर तसंही कळव, मला राग येणार नाही.

माईंच्या फोटोला माझा नमस्कार. आता शेजारी अण्णांचा असेल, त्यालाही.

तुझा,
दिल्या

ता. क. माप टेपनं घे, वितीनं नको. आणि खिडकीखाली फरशीवर गोळी ठेवून बघ कुठं जाते ते. खरं खरं लिही.