सोन्याची बाटली

बडोदा,
ऋषिपंचमी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दीड दिवसाचे गणपती आज दुपारी गेले. विसर्जन घरीच बादलीत केलं, मूर्ती शाडूचीच होती. तुम्ही दादाकडे पुण्याला गेल्यानंतरचा हा इथला पहिला गणपती. आरतीला आम्ही तिघंच, त्यामुळे टाळांची एक जोडी पेटीतून काढलीच नाही.

आई, ऋषीची भाजी केली. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, मक्याचे तुकडे, सगळं खंडेराव मार्केटात मिळालं. भाजीवालीनं "बेन, सामो लीधो?" असं विचारलं, म्हणजे वरी घेतली का, तेव्हा आठवलं की त्यांचीही आज सामा पांचम. चिंच तू म्हणतेस तशी शेवटीच घातली, तरी अळू थोडं खाजलंच. मी मुकाट्यानं खाल्लं.

पण पत्र लिहायला बसले ते बाबांसाठी. बाबा, तुम्हाला दिवाळीतलं आठवत असेल. आठवत नसेल तर बरंच, पण मला आठवतं. दादाचे सासू-सासरे जेवायला होते आणि तुम्ही देवनीमोरीची, शामळाजीजवळच्या त्या बौद्ध स्तूपाची, गोष्ट काढलीत. तुमचा मामा कसा रोजावर खोदकामाला गेला होता, बुद्धाची राख कशी सोन्याच्या बाटलीत निघाली. मी मध्येच म्हणाले, "बाबा, ती दगडाची डबी आहे, सोन्याची नाही. पेपरात फोटो आलाय. किती वेळा तेच तेच?" आईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. तुम्ही काही बोलला नाहीत. रुमालाची घडी घातलीत आणि मठ्ठा मागितलात.

ते मला सलत होतं. श्रावणात एका शनिवारी हंसा मेहता लायब्ररीत गेले आणि देवनीमोरीचा अहवाल काढून बसले. आपल्याच विद्यापीठानं 1966 मध्ये छापलेला, र. ना. मेहता आणि चौधरी यांचा. इंग्रजी रुक्ष आहे, सगळी मापं नि थर. पण दोन तासांनी माझा चहा विसरला होता.

बाबा, दगडाची डबी खरी. पण त्या डबीत तांब्याची डबी होती. तिच्यात रेशमी कापड, राख, आणि सोन्याची छोटी बाटली. म्हणजे मी बाहेरची डबी बघून भांडत होते आणि तुम्ही आतलं सांगत होतात.

दगडी डबीवर लेख कोरलेला आहे. डबीला त्यात 'दशबलशरीरनिलय' म्हटलंय. दशबल म्हणजे बुद्ध आणि शरीर म्हणजे त्याचे अवशेष, तर ही त्यांची राहण्याची जागा. पुढे चक्क माणसांची नावं आहेत. अग्निवर्मा आणि सुदर्शन हे स्तूप उभारणारे, पाशांतिक आणि पल्ल हे कामावर देखरेख करणारे, आणि डबी घडवणारा सेनाचा मुलगा वराह. आपल्याकडे पुलाच्या पाटीवर मंत्र्याचं नाव असतं, मुकादमाचं कधी पाहिलंय? इथे राजा रुद्रसेनही आहे, पण तो आपला तारखेपुरता.

आणि तारीख काय असावी? कथिक राजांच्या कालगणनेतलं वर्ष 127, भाद्रपदाचा पाचवा दिवस! शुद्ध की वद्य याची मी चिकित्सा करणार नाही. मी तिला ऋषिपंचमीच धरली आहे, म्हणून तर पत्र आज लिहितेय. वर्षावर मात्र विद्वानांचं एकमत नाही. शक संवत धरला तर इसवी सन 205 च्या आसपास येतं, कलचुरी धरला तर 375. तेव्हा 'अडीच हजार वर्षांपूर्वीचा स्तूप' हे तुमचं वाक्य बसत नाही, ते मी सोडणार नाही. राख अडीच हजार वर्षांची म्हणालात तर माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट मला लहानपणापासून कळली नव्हती. स्तूपाला ना दार ना खोली, तो आतून भरीव. मग डबी सापडली कशी? पायथा चौकोनी, एकेक बाजू 85 फुटांच्या आसपास, आणि सगळं विटांचं काम. तिच्यापर्यंत जायचं तर विटांचे थर उतरवतच जावं लागणार. एरवी असा स्तूप कोण उकलू देईल? पण मेश्वो नदीवर धरण व्हायचं होतं आणि जागा पाण्याखाली जाणारच होती, म्हणून 1960 ते 63 मध्ये ही घाई. बुडणार होता म्हणूनच त्याच्या पोटातलं बाहेर आलं, असं मला वाटतं.

शामळाजीच्या कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला आपण एकदा गेलो होतो ना, एसटीनं, मी तिसरीत असताना? तुम्ही तलावाच्या काठावर उभं राहून बोट दाखवत होतात, "तिथं. तिथं भोजराजाचा टेकरो होता." मला नुसतं पाणी दिसत होतं आणि कुल्फी वितळून कोपरापर्यंत आली होती. मी म्हटलं, काहीच नाहीये. तुम्ही म्हणालात, "नाहीच आहे." तेव्हा वाटलं, बाबा थट्टा करतायत.

अहवालातल्या फोटोंत तो स्तूपाचा टेकरो पाहिला. भाजक्या मातीचे ध्यानस्थ बुद्ध आहेत, डोळे अर्धे मिटलेले, केसांच्या बारीक बारीक कुरळ्या बटा. नक्षीच्या विटा आहेत, पानांच्या, कमानींच्या. तुम्ही सांगायचात की मामानं पानवाली वीट हातात धरायला दिली होती आणि ती पोळपाटापेक्षा जड लागली. ती यातलीच एखादी असेल का? पानाची नक्षी असलेल्या तीन विटांचे फोटो मी मोबाइलमध्ये घेतलेत. दादा तुम्हाला मोठ्या स्क्रीनवर दाखवेल. बघून सांगा.

आता खरं काम. अहवालात खापरांची पानंच्या पानं आहेत, रेषांनी काढलेली. ती सगळी खापरं कोणीतरी धुतली असणार, वाळवली असणार, त्यांच्यावर नंबर घातले असणार. तुमचा मामा हेच काम करायचा. आणि नववीतले तुम्ही नाताळच्या सुट्टीत त्याच्याकडे राहून ब्रशनं खापरं धूत होतात. हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत आणि मी एकदाही पुढचा प्रश्न विचारला नाही. डबी निघाली तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात, मामाकडून ऐकलंत, हे तुम्ही दर वेळी प्रामाणिकपणे सांगायचात. तेही मी घाईत ऐकलं नाही.

आई परवा फोनवर म्हणत होती की दुपारचं जेवण झालं का, हे तुम्ही हल्ली दोनदा विचारता. विचारा की! पण हे जुनं तुम्हाला लख्ख आठवतं असंही तीच म्हणाली. म्हणून रविवारी संध्याकाळी फोन करते. आई, तू बाबांजवळ बस, स्पीकर लाव आणि दादाला टीव्ही बंद करायला सांग. मी रेकॉर्ड करणार आहे.

बाबा, तोवर एवढं आठवून ठेवा. मामा काळ्या शाईनं नंबर घालायचा ना? कुठल्या टाकानं? आणि खापराच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या?

तुमची
मनू

ता. क. आई, तांब्याचं ताम्हन सापडलं. देवघरामागच्या फळीवर होतं, तू म्हणालीस तिथेच.