सदा, ते ॲप अजून टाकू नकोस

सांगली,
रविवार

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझा निरोप मिळाला. दुकानात १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे, रात्री ती नुसती पडून असते, मग एखादं ॲप टाकून उरलेली बँडविड्थ विकली तर काय बिघडलं, असं तू विचारलंस. भाच्याने डॉलरमध्ये हिशेबही मांडून दाखवला म्हणे. फोनवर ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो, पण तुला कारण कळायला हवं. दहा वर्षं मी हीच तार खांबांवरून ओढतोय.

आधी ‘उरलेली’ या शब्दाचं बघू. आमच्या ऑफिसात सगळ्या फायबर लाइनी जिथून सुटतात त्या ओएलटी मशीनच्या एका पोर्टमधून साधारण अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, निघतात आणि खांबावरच्या डब्यातला स्प्लिटर ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. ६४ घरांना शंभर-शंभर खरोखर द्यायचे तर ६.४ जीबीपीएस लागतील. तेवढे तिथे नसतातच. तरी सगळ्यांचं सुरळीत चालतं, कारण सगळे एकदम ओढत नाहीत. तुमची मळ्यातली सामाईक विहीर आठव. तुझ्या पाळीला मोटर चालली नाही तर ते पाणी काही तुझ्या नावावर साठून राहत नाही. विहिरीत राहतं आणि दुसऱ्याच्या उसाला जातं. घरगुती इंटरनेट स्वस्त मिळतं ते याच हिशेबावर, आणि म्हणूनच घरगुती प्लॅनच्या अटींत पुनर्विक्रीला मनाई असते. अपलोडची बाजू तर निम्मीच, सव्वा जीबीपीएस. ॲपमधून एक जीबी विकलास की तो आधी आत येतो आणि मग बाहेर जातो, म्हणजे लाइनीवर दुप्पट भार. तुझ्या एकट्याच्या दुकानाने काही अडणार नाही, कबूल. पण गल्लीतल्या वीस जणांनी तेच केलं, की संध्याकाळी पोरांचे क्लास अडकणार आणि फोन मला येणार.

आता या बाजाराविषयी. त्यामागची कल्पना मला मनापासून आवडते, हे आधी सांगतो. मिस्टेरियमसारख्या जाळ्यात कोणीही आपल्या घरचा संगणक ‘नोड’ म्हणून लावतो. दूर देशातलं कोणी त्याच्या लाइनीतून इंटरनेट वापरतं आणि मोबदला टोकनमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाण्यांत, मिळतो. मध्ये कंपनीचा गल्ला नसावा, अशी ती कल्पना. ऑर्किड नावाचं जाळं डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, त्याची पैसे देण्याची रीत तर फारच सुंदर आहे. थोड्याशा डेटाचे पैसे इतके किरकोळ की व्यवहाराचं शुल्कच त्याहून जास्त पडेल. म्हणून दर वेळी पैसे न देता लॉटरीचं तिकीट द्यायचं. बहुतेक तिकिटं कोरी, एखादं लागतं, आणि सरासरीने हिशेब बरोबर बसतो. ज्या देशात सरकार अर्ध्या साइट बंद करतं तिथल्या माणसाला अशी एखादी परक्या घराची खिडकी उघडी मिळणं काय असेल, विचार कर.

पण खिडकी तुझी असते. गिऱ्हाइकाला नुसता वेग हवा असेल तर डेटा सेंटरमध्ये तो तुझ्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. तुझ्याकडून तो घेतो तो तुझा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुझ्या लाइनीचा नंबर, कारण समोरच्या साइटला तो खऱ्या घरातला खरा माणूस वाटतो. कोणी त्यावरून दुकानांचे भाव तपासतं, कोणी एआयसाठी वेबपानं गोळा करतं, आणि कोणी चोरीच्या कार्डाने खरेदी करतं. तिघांचाही माग तुझ्या दारात येऊन थांबतो.

आपल्याला नववीत भूमिती शिकवणारे सर आठवतात ना? दोन वर्षांपूर्वी सायबर पोलिसांचं पत्र आलं. अशी पत्रं आम्हाला नवीन नाहीत: अमुक तारीख, सेकंदापर्यंत वेळ, हा आयपी, हा पोर्ट, कोणाकडे होता? मी लॉग, म्हणजे आमची नोंद, उघडला आणि सरांचं नाव समोर आलं. ते मी माझ्या हाताने लिहून दिलं, सदा. द्यावंच लागतं. नातवाने त्यांच्या लॅपटॉपवर असंच एक ॲप टाकलं होतं. तोवर मिळाले होते चारशे रुपये. सर चारदा पोलीस ठाण्यात गेले, लॅपटॉप जमा झाला, आणि सुटका व्हायला सात महिने लागले. मला भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “मी काय केलं होतं रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही एकट्या सरांची गोष्ट नाही. २०१५ मध्ये होला या फुकट व्हीपीएनचा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून इंटरनेट वापरतोय असं भासवणाऱ्या ॲपचा, बोभाटा झाला: वापरणाऱ्यांच्याच लाइनी ल्युमिनाती नावाने विकल्या जात होत्या आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ९११ एस५ हे जाळं मोडलं. फुकट व्हीपीएनच्या आडून त्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते ओढले गेले होते, आणि गुन्हेगारांना ते भाड्याने दिले जात होते. मिस्टेरियमसारखी विकेंद्रित जाळी निदान उघडपणे विचारून घेतात, काहींत कोणाची वाहतूक जाऊ द्यायची ते निवडताही येतं. तरी पलीकडचा माणूस तुला दिसत नाही तो नाहीच. आणि टोकन विकून नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर, हेही भाच्याला सांग.

तुला लाइन इतरांना वाटायचीच असेल तर जरूर वाट, पण दिसणाऱ्या माणसाला. पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेला डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजुरी दिली. त्यात तुझ्यासारखा दुकानदार ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकतो, जुन्या एसटीडी बूथसारखा. परवाना नको, नोंदणीची फी नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर ओटीपीने लॉगिन करतं, हिशेब आणि नोंद मधली ॲग्रिगेटर संस्था ठेवते. आधी मोठी अडचण होती ती लाइनीच्या दराची. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतचं फायबर अशा दुकानाला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. पैसे थोडेच मिळतील, ते लपवत नाही. पण शेवटच्या एसटीची वाट बघत बसलेल्या कॉलेजच्या पोरी तुझ्या फळीशी उभ्या राहून फॉर्म भरतील.

शनिवारी मी जुना राउटर घेऊन येतो. स्टँडच्या बाजूच्या भिंतीवर लावून किती लांब पोहोचतो ते पाहू. भाच्यालाही थांबवून घे. हुशार पोरगा आहे, त्याला स्प्लिटरचा डबा उघडून दाखवतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनू

ता. क. ॲप आधीच टाकलं असेल तर आजच काढ, आणि किती तारखेपासून किती तारखेपर्यंत चालू होतं ते वहीत लिहून ठेव. सरांकडे तेवढंच नव्हतं.